मयुरीनं पाडला वांग्याचा उजेड

मु. अल्लीपूर

तीर्थस्वरूप अन्नपूर्णाबाईले धाकट्या बाबारावचा जयभीम.

बाई, तुह्ये गुडघे कसे आहेत? पवनारातही ऊन असंच तापून राह्यलं असंन. भाऊजीले जयभीम सांगजो. इकडं आम्ही सारे धडधाकट आहो, इज्जत तेवढी आजारी आहे. फोनच केला असता, पण तुह्या घरचा फोन तुही मयुरी उचलते, अन् तक्रार तिचीच आहे.

बुद्धपौर्णिमेच्या जेवणाले वांगे माह्या वावरातले, हे मी साऱ्या गावाले सांगून ठेवलतं. सकाळीच पोतं भरून विहारात नेलं. वांगे असे चकचकीत, का त्यात पाहून भांग पाडावा! आनंदाबाई (सैपाकाचा सारा कारभार तिच्याकडं) विळा घेऊन बसली, तं पौर्णिमेसाठी इकडं आलेली मयुरी मधातच उठली. कॉलेजच्या प्रयोगशाळेत जे बनवते, ते तिनं पर्समधून काढलं: एक कागदाची पट्टी अन् निळा टॉर्च. (मले वाटलं, पोरगी वर्गणीच्या नोटा तपासते.) माह्या वांग्याची साल कुटून त्याचं पाणी पट्टीवर टाकलं अन् मलेच शिकवते, "मामा, हा बायोसेन्सर आहे. भाजी साफ असली का पट्टी या उजेडात हिरवी चमकते. औषध राह्यलं असलं का पट्टीवरचं एन्झाइम लुळं पडते, अन् चमक विझते." साध्या पाण्याची पट्टी काजव्यावानी चमकली. माह्या वांग्याची? लाइन गेल्यावानी!

"मामा, फवारा कधी मारलता?"

"अळी काय मुहूर्त पाहून येते का?"

"फवारल्यावर किती दिवस तोडू नोका, ते डब्यावर लिहून राह्यते."

आता बाई, डब्यावरचे अक्षरं मुंगीयेवढे. ते वाचाले दुसरा सेन्सर लागन! पण आनंदाबाईनं पोतं बाहेर काढलं अन् एवढंच बोलली, "बाबाराव, लहान लेकरं जेवतीन."

खरा राग तं पुढंच आहे. बाजारात माह्या बाजूले बसते तो रूपराव, तो धावत घरी गेला अन् कोहळे घेऊन आला. त्याची पट्टी चमकली! त्यानं पट्टीसंग फोटो काढला, अन् आता तो फोटो तराजूले लटकवून बसते. गिऱ्हाईक मले विचारते, "काका, तुमचा कागद कुठं आहे?" मी वांगे विकून राह्यलो का ट्रॅक्टर?

तरी मी मयुरीचं ऐकलं. फवारा थांबवला, सांगतले तेवढे दिवस गेल्यावरच वांगे तोडले, अन् तिलेच तपासाले बोलावलं. चमकले बाई, लग्नातल्या झालरीवानी! पण पाहाले कोण? मी, ती अन् बैल. मामाची बेइज्जती गावासमोर अन् इज्जत गोठ्यात, हा कोणता न्याय? समजाव तुह्या लेकीले.

तुहा भाऊ,
बाबाराव

ता. क. समजावजो, पण लय नोको. पुढच्या बाजाराले तिले टॉर्च घेऊन धाडजो. भर गर्दीत माह्या दुकानी तपासू दे. आधी रूपरावकडं थांबली तरी चालन. त्यानं काल सांजी फवारा मारला, मी बांधावरून पाह्यलं.

आणखी एक. या चिठ्ठीसंग धाडलेले वांगे बिनघोर खाजो. ते घरामागच्या वाफ्यातले आहेत, आपल्या खायाचे. तिथं मी आजवर औषधाचा थेंब पडू देला नाई.