सान आमादोरचा झगा

३ ऑगस्ट
यंदा संताची सेवा माझ्याकडे. वर्षभर फुलं, मेणबत्त्या. आणि उत्सवाच्या आदल्या दिवशी दार लावून, एकट्यानं मूर्तीचा झगा बदलायचा. सेवा करून झालेले म्हातारे चर्चच्या पायरीवर बसतात. मी आलो की गप्प होतात. आज अन्सेल्मोकाका त्यांना म्हणाले, "कळेल की त्यालाही." काय कळेल?

७ ऑगस्ट
नगराध्यक्ष उर्तेचोला गावाचं सान आमादोर हे नाव बदलायचंय. पणजोबाचं, कर्नलचं द्यायचंय. म्हणतो, गाव त्यांनी वसवलं, संत मागाहून कुठून तरी आणला. आम्ही लहानपणापासून ऐकतोय – सान आमादोरची मूर्ती वाहणारं खेचर इथं बसलं, उठेचना. संताला इथंच राहायचं होतं. म्हणून वस्ती, म्हणून नाव!
जुन्या मूर्ती पारखणाऱ्या एक बाई राजधानीत आहेत. त्यांना मी बोलावलंय. मूर्ती कर्नलच्या आधीची ठरली की नाव वाचलं.

८ ऑगस्ट
अन्सेल्मोकाका घरी आले. मक्याचे वाफवलेले तमाल खाल्ले, कॉफी प्यायले, मग म्हणाले, "बाईंना चेहरा दाखव. झग्याला हात लावू देऊ नकोस."
का?
"थंडी वाजते त्याला."
माझी बायको रेफुहिया हसली. मला हसू आलं नाही.

११ ऑगस्ट
या म्हाताऱ्यांनी जुनी मूर्ती विकून तर खाल्ली नाही? झग्याखाली नवं लाकूड असेल. बायकोला बोललो.
"अहो, त्यांना स्वतःची काठी सापडत नाही. संत कुठून विकतील?"
तरी आज जपमाळ ओढताना लक्ष त्या झग्यावरच. देवा, क्षमा कर.

१४ ऑगस्ट
उद्या उत्सव. दार लावलं. झगा उतरवला.
लाकूड जुनं आहे, फार जुनं. दाढी तेवढी खऱ्या केसांची, चिकटवलेली. आणि खाली बाईचा देह. कडेवर कधीतरी मूल असणार. ते तुटून गेलंय. त्याचा इवलासा हात मात्र आईचा खांदा धरून आहे अजून.
म्हणजे खेचरावरून आला तो आमादोर नव्हताच. उर्तेचोला कळलं तर गावाचं नाव गेलंच. आणि बघायला माणूस बोलावला मी!
बराच वेळ गुडघ्यांवर बसून होतो. मग नवा झगा चढवला, दाढी नीट केली. बाहेर आलो तर अन्सेल्मोकाकांनी सरकून पायरीवर जागा करून दिली.

१५ ऑगस्ट
बाई आल्या. चेहरा पाहून झाल्यावर म्हणाल्या, "आता जरा झगा काढता?"
मी म्हटलं, "नको. थंडी वाजते त्याला."