९९७३ नंबरची स्कूटर

भूम, गुरुवार, संध्याकाळ

हे गेल्याला महिना झाला. आज यांची स्कूटर विकली आणि मला काहीच वाटलं नाही, म्हणून लिहायला बसले.

घेणारे सोनारीचे किसनराव. इंजिनाआधी नंबर बघितला, ९९७३. बोटांवर आकड्यांची बेरीज केली. "एक येती, बाई. लई भारी नंबर हाय."

"बेरजेचं सोडा. चार आकड्यांतली सर्वांत मोठी मूळ संख्या आहे ती. कशानंच भाग जात नाही."

"मग तर झ्याकच. भाऊ वाटणी मागणार न्हायत!"

स्वतःच हसले. मीही हसायला हवं होतं का?

हा नंबर यांनी माझ्यासाठी मागून घेतला होता. यांचं बियाण्यांचं दुकान, गणिताचा कंटाळा. तरी आरटीओत सगळ्यांदेखत मला विचारलं, "सत्त्याण्णवपर्यंत भागून बघितलंस ना? फसवशील मला." शंभराचा वर्गच ९९७३ च्या पुढं जातो, त्यामुळं शंभराच्या आतल्या मूळ संख्या तपासल्या की पुरे, हे मीच यांना शिकवलं होतं.

किसनराव चक्कर मारून येईपर्यंत मी पायरीवर बसून तोंडी भागाकार केले. सातानं भागलं, बाकी पाच. तेरानं दोन. सत्त्याण्णवनं एकोणऐंशी. बाकी शून्य कुठंच येणार नाही हे माहीत होतं, तरी एकही संख्या सोडली नाही. तेवढ्यात रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही.

दिलं ते असं: स्कूटर, दोन्ही किल्ल्या, कागदपत्रं. यांचं हेल्मेट द्यायचं नव्हतं. किसनरावांनी हात पुढं केला आणि मी ते दिलं.