मोटर कोण चालू करते

२४ सप्टेंबर २०१८
अश्वजित नागपूरवरून आला. मोटरीले मोबाईलवाला डबा लावतो म्हणे, मंग तिकडे बसल्या बसल्या धानाले पाणी सोडीन. मी म्हटलं, हिरवं बटन दाबाले माझं बोट शाबूत आहे. तुझ्या बापानं जन्मभर दाबलं. बरं म्हणे. वायरमनले घेऊन वावरात गेला, जुनाच डबा पुसून येतो म्हणे. पोरगं माझं ऐकते.

२६ सप्टेंबर
धान निसवून राहिला, लोंब्या निघून राहिल्या, पाणी पाहिजेच. मी पोचायच्या आधीच मोटर चालू. माणूस नाही, काणूस नाही. मोटरीच्या खोलीले कुलूप, चाबी माझ्या कमरेले.
आम्ही भूत मानत नाही. छप्पन साली दीक्षा घेतली तवाच सोडलं. कारण उद्या शोधीन.

२७ सप्टेंबर
आजही तेच. लाईन आली का मोटर घुर्रर्र. अश्वजितचे बाबा आनंदराव असेच धावायचे, जेवण अर्धं टाकून. जाऊन दोन वर्षं झाले. तरी मानत नाही.
कारण सापडलं नाही. गुडघा दुखते.

३० सप्टेंबर
शेजारची सुंदरबाई पितरासाठी कावळ्याले वडे टाकून राहिली होती. मले हासू आलं. म्हटलं, बाई, मेलेला माणूस कायले खाते? आमच्या बावीस प्रतिज्ञा मले पाठ आहेत. श्राद्ध नाही, पिंड नाही.
संध्याकाळी मी मोटरीपाशी कपभर चहा ठेवून आली. चहा प्रतिज्ञेत नाही.

४ ऑक्टोबर
चहा रोजचा झाला. आज आनंदरावाले बोललीच. म्हटलं, जिवंत होते तवा पाण्याचा गिलास स्वतः घेतला नाही, आन् आता फुकट राबून राहिले. धानाची बांधी भरली, बंद करा. मोटर बंद! मेल्यावर तरी बायकोचं ऐकू लागले.
अंगावर काटा आला तो हवेनं.

७ ऑक्टोबर
अश्वजितचा फोन. पाणी बरोबर पोचते ना, विचारते. डबा त्याच दिवशी, वावरात गेला तवाच, लावला म्हणे. मोबाईलवरून तोच चालू-बंद करते. तू चिडशील म्हणून सांगितलं नाही.
म्हटलं, मले पहिल्या दिवशीच समजलं होतं. काढ तो डबा.

९ ऑक्टोबर
वायरमन काल डबा काढून गेला. माझंच खरं झालं.
आज लाईन आली. मोटर गप. मी बटनासमोर उभी राहिली. दाबलं नाही. थोडं थांबून पाहिलं. मंग आणखी थोडं. लाईन गेली. बांधी कोरडी.
सुंदरबाईनं विचारलं, आज पाणी काहून नाही दिलं? म्हटलं, बटन बिघडलं.