ब्रेक ऑइल नोव्हेंबरात बदललं होतं

सेंट ओटिलिया, नॉर्थ डकोटा
१९ मार्च, संत जोसेफचा सण

चि. केंट यास,

आशीर्वाद. हा शब्द हाताच्या सवयीनं उतरला आहे. तो तुला लागतो की नाही हे पत्राच्या शेवटी तूच ठरव.

तुझं पेन्सिलीनं लिहिलेलं पत्र पोचलं. तुरुंगात पेन देत नाहीत हे मला ठाऊक नव्हतं. अक्षर मात्र शाळेत होतं त्याहून बरं आलं आहे, म्हणजे बसवून ठेवलं की तुला येतं. इकडे बर्फ अजून कुंपणाच्या वरच्या तारेपर्यंत आहे. कोंबड्या पुन्हा अंडी द्यायला लागल्या. चर्चमध्ये चाळीस दिवसांच्या उपासाचं सूप सुरू आहे आणि फिलोमिना हेक दर वर्षीसारखीच त्यात मीठ विसरते. मी ठीक आहे. गुडघे कुरकुरतात, पण गुडघ्यांना मी विचारत नाही.

तुझा खांदा अजून दुखतो असं लिहितोस. दुखू दे.

आता तुझ्या कामाचं. शुक्रवारी जामिनाची सुनावणी आहे, बाहेर आलो की आधी घरी येईन, तोवर गाडीतलं सगळं बदलून ठेव, असा तुझा हुकूम आहे. इंजिन ऑइल, गिअर ऑइल, कूलंट, सगळं. ‘आई, तुला माहीतच आहे काय घालायचं ते.’ हो, मला माहीत आहे. सरकारी रस्ते खात्याच्या गॅरेजात बर्फ ढकलणाऱ्या ट्रकांचा हिशेब ठेवण्यात माझी अर्धी हयात गेली. कोणत्या गाडीच्या पोटात काय आणि कधी घालायचं हे मला जपमाळेपेक्षा चांगलं पाठ आहे. तुला मात्र घरात मी असूनही काही आलं नाही. हिरव्या कूलंटमध्ये नारिंगी ओतून रेडिएटरमध्ये चिखल केलास तेव्हा म्हणालास, “रंगानं काय होतं, म्हातारे? सगळं पाणीच की!” तुझा बाप हसला होता. मी हसले नव्हते. तो चिखल मी उपसला होता.

पुस्तकात ऑइल बदलण्याची दोन वेळापत्रकं असतात. एक साध्या वापराचं, एक खडतर वापराचं. तू जनावरांची ट्रॉली ओढतोस, धुळीच्या रस्त्यानं फिरतोस, थंडीत इंजिन तासन् तास चालू ठेवून आत बसतोस. ही खडतर वापराची शुद्ध व्याख्या आहे. पण मी म्हटलं की तू म्हणायचास, “माझा वापर नॉर्मल आहे, आई.” गॅरेजात आलेला प्रत्येक पुरुष मला हेच सांगत असे. ट्रक उकळत असायचा, चाकातून धूर यायचा, आणि हा टोपी मागे सरकवून म्हणायचा, आपला वापर नॉर्मल.

मार्नीबद्दलही तू वकिलाला हेच सांगितलंस म्हणे. नवरा-बायकोचं नॉर्मल भांडण.

तुझ्या पत्राचं दुसरं पान मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा चष्मा लावून, मग पुसून लावून, मग उभी राहून. तू लिहितोस की ब्रेक गेले होते. पाय दाबला तो थेट खाली गेला, गाडी थांबलीच नाही, आणि पुढे माझ्या स्वयंपाकघराची भिंत होती. शिवाय लिहितोस, ‘आई, तूच नेहमी सांगायचीस की ब्रेक ऑइल हवेतलं पाणी पितं आणि जुनं झालं की दगा देतं. तर तू फक्त एवढंच सांग की आम्ही ते कित्येक वर्षांत बदललं नव्हतं. खोटं थोडंच आहे? मी तर कधीच बदललं नाही.’

तू कधीच बदललं नाहीस हे अक्षरशः खरं आहे. हे वाक्य तू शपथेवर म्हणू शकशील.

आता ऐक. नोव्हेंबरात, सर्व मृतात्म्यांच्या स्मरणदिनी, तुम्ही दोघं जेवायला आला होतात. जेवण झाल्यावर तू बापाच्या खुर्चीत फुटबॉल बघत आडवा झालास. मी शेडमध्ये गेले, कारण थंडी तोंडावर होती आणि तुझी गाडी उन्हाळ्याचं जाड ऑइल पोटात घेऊन उभी होती. ते काढलं, हिवाळ्याचं पातळ घातलं. डिझेल गोठू नये म्हणून टाकीत औषध घातलं. मग ब्रेकच्या डब्याचं झाकण उघडलं. आत ऑइल कसलं, शिळी कॉफी होती.

ब्रेक ऑइल बदलायला दोन माणसं लागतात. एकानं गाडीखाली झोपायचं, दुसऱ्यानं वर बसून पायाखालचा ब्रेकचा दांडा दाबायचा. मी तुला हाक मारली. तू ओरडलास, “मॅच संपू दे!” मग मार्नी आली. बाहीत हात ओढून घेतले होते तिनं, घरातही कोट घातला होता. मी खाली शिरले, सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात केली.

“दाब.”

“दाबलं, आई.”

“धर.”

मी बोल्ट सैल करायची, काळं पाणी बाटलीत उतरायचं, बोल्ट आवळायची. “सोड.” पुन्हा दाब, पुन्हा धर. असं चार चाकं. कॉन्व्हेंटमध्ये आम्हाला पापकबुलीच्या खोक्यात बसवायचे, मध्ये जाळी. तोंड दिसत नाही म्हणून माणूस बोलतं. तिसऱ्या चाकाशी मार्नी बोलली.

“आई, त्यानं माझं मनगट दारात चेंगरलं.”

“धर.”

“मुद्दाम. आधी हात आत ठेवायला लावला. मग दार लावलं.”

“धरून ठेव, मार्नी. सोडू नकोस.”

“गेल्या महिन्यात कुत्र्याला मारलं. मला बघायला लावलं. म्हणाला, पुढचा नंबर कोणाचा ते ओळख.”

मी बोल्ट इतका आवळला की चावी निसटून माझ्या ओठावर बसली. रक्त तोंडात आलं. बाहेर आले तेव्हा तिनं ते पाहिलं आणि उलट माझीच माफी मागायला लागली. ओठ माझा, चावी माझ्या हातातली, आणि माफी ती मागत होती. तेव्हा मला कळलं की तू तिचं काय केलं आहेस.

त्या संध्याकाळी तू एकटाच घरी गेलास, आठवतं? ‘मार्नी माझ्याकडे राहील, मला सॉसेज करायला हात हवा आहे,’ असं मी म्हटलं होतं. सॉसेज नाताळपर्यंत चाललं. मग तुलाही कळलं.

तुझा बाप रागावला की गोठ्यामागे जाऊन कुंपणाच्या खुंट्या ठोकायचा. एवढं कुंपण या परगण्यात दुसऱ्या कोणाचं नव्हतं. तेव्हा बापाकडून आलं, रक्तातच आहे, हे वकिलाला सांगू नकोस. मी चर्चच्या पायरीवर उभी राहून खोडून काढीन.

आता ती सकाळ. मला ती लिहायची नव्हती. म्हणून तर कोंबड्या आणि फिलोमिनाचं मीठ.

वादळानं तारा तुटल्या होत्या, रात्रभर वीज नव्हती. म्हणजे कोणाच्याच इंजिनाला विजेच्या हीटरची ऊब मिळाली नव्हती. थंडी उणे तिसाच्या खाली. हेकांचा ट्रक मेला होता, दूधवाल्याचा मेला होता, खुद्द शेरिफच्या कचेरीतली गाडी किल्ली फिरवल्यावर नुसती कण्हत होती. सगळ्या परगण्यात एक गाडी सुरू झाली, केंट. तिच्या पोटात पातळ ऑइल होतं, टाकीत औषध होतं. मी घातलेलं. आवाज ऐकला तेव्हा मी कोंबड्यांच्या खुराड्याशी होते, हातात गरम पाण्याची बादली. आणि देवा, मला क्षमा कर, पहिला विचार आला तो असा, की काय सुरेख चालतंय इंजिन.

तू फाटक उघडलं नाहीस. फाटक मोडून आलास. पुढची लोखंडी जाळी, जी तू बैलांसाठी बसवली होतीस, ती स्वयंपाकघराच्या भिंतीत शिरली. मार्नी आत फ्रीजरजवळ पीठ मळत होती. फळ्या आत पडल्या, वरचं छत तिच्यावर आलं, आणि ती एकदाच ओरडली. पुढचं तिला आठवत नाही. इस्पितळात तिनं शेरिफकडच्या वेंडेलला हेच सांगितलं, एक आवाज आणि मग अंधार. डॉक्टर म्हणाले, कंबरेचं हाड तीन ठिकाणी मोडलं, आणि उजवा पाय गुडघ्याखाली असा चेपला गेला की तो ठेवायचा की काढायचा यावर दोन दिवस त्यांच्यात एकमत होईना. ठेवला. उजवा. नोव्हेंबरात ब्रेक दाबत होता तोच.

मी काय केलं ते तुला ठाऊक आहे, कारण ते तुझ्या खांद्यात आहे. शेडच्या दारामागची लांब लोखंडी दांडी घेतली, तुझ्या बाजूची काच फोडली आणि जिथे पोचली तिथे मारली. तू ओरडलास, “आई, मी आहे! मी केंट!” मी म्हटलं, “माहीत आहे मला,” आणि दुसऱ्यांदा मारली. हाड मोडल्याचा आवाज मी ओळखते, डुकरं कापलेल्या घरात वाढले आहे. मग किल्ली काढून बर्फात फेकली. तुझ्या तोंडावर काच लागून आलेलं रक्त होतं आणि तू लहानपणी ताप आल्यावर बघायचास तसा माझ्याकडे बघत होतास. त्या नजरेनं मला महिनाभर गप्प ठेवलं. आईला गप्प करायला दार, मनगट, कुत्रा काही लागत नाही.

वेंडेल फोल्क शेरिफकडून चौकशीला आला होता. माझ्या चुलतबहिणीचा मुलगा, तुझ्याच वर्गातला. टोपी गुडघ्यावर ठेवून बसला.

“लिओमावशी, केंट म्हणतो ब्रेक गेले होते. गाडीची देखभाल तुमच्याकडे. काय वाटतं तुम्हाला?”

“मी कोंबड्यांत होते.”

“हो, पण ब्रेक?”

“कोंबड्यांत होते म्हटलं ना, वेंडेल. सूप घेतोस?”

तो सूप पिऊन गेला. त्याचं मनही नव्हतं खोदायचं. गाव असंच असतं. गाडी शेरिफच्या आवारात गोठून पडली आणि भिंतीचा इतका चुराडा झाला होता की कोण कशावर किती वेळा आदळलं हे लाकडावरून कोणाला सांगता येईना.

मग तुझं पत्र आलं. केंट, तू तुरुंगातून रडून लिहिलं असतंस, मी सैतान झालो होतो, आई, तर कदाचित मी कोंबड्यांतच राहिले असते. कदाचित. आयांचं काही सांगता येत नाही. पण तू लिहिलंस की ब्रेक ऑइल जुनं होतं. माझ्या हातचं काम! जे मी ओठ फुटेस्तोवर गाडीखाली पडून केलं, जे तिनं मोडक्या मनगटानं आणि धड पायानं माझ्याबरोबर केलं, आणि तू पलीकडच्या खोलीत मॅच बघत होतास. तुला त्याची खबरही नाही, कारण आयुष्यात एकदाही तू बॉनेट उघडून आत पाहिलं नाहीस. आणि त्या न पाहिलेल्या कामावर तू सुटायला निघाला आहेस. बाहेर आलो की आधी घरी येईन, असं लिहितोस. मार्नी खालच्या खोलीत झोपते. त्या खोलीला अजून एका बाजूला भिंतीऐवजी प्लायवूड आहे.

आज सकाळी मी वेंडेलला फोन करून बोलावलं. दारातच म्हणाला, “माझं जेवण झालंय, मावशी.”

“सूप नाही. बस. लिही.”

आणि सांगितलं. नोव्हेंबरात बदललं, नवं बंद डब्यातलं, चारही चाकांना, दांडा दगडासारखा घट्ट. “डब्याचं झाकण उघडून बघा,” म्हटलं, “आत मधासारखं असेल.” तो लिहीत होता. मग मी दुसरी गोष्ट सांगितली. ती पहिल्या दिवसापासून घशात होती.

मी गाडीच्या मागे होते, केंट. पहिल्या धडकेनंतर तू गाडी मागे घेतलीस. भिंत पडलेली, ती ओरडून गप्प झालेली. गाडी शेडपर्यंत मागे आली आणि तू ब्रेक दाबलास. मागचे लाल दिवे लागले. त्या थंडीत धुराची इतकी वाफ होती की सगळं अंगण लाल झालं. कोंबड्यासुद्धा लाल दिसल्या. ते अवजड धूड जागच्या जागी उभं राहिलं. एक वीतही घसरलं नाही. तू तिथं थांबलास. विचार करण्याइतका वेळ होता तुला. मला बादली खाली ठेवण्याइतका होता.

मग लाल विझलं आणि तू पुन्हा पुढे गेलास. तिचा पाय चेपला तो दुसऱ्या धडकेत.

वेंडेलनं लिहिणं थांबवलं. म्हणाला, “मावशी, हे सांगितलंत तर तो खूप वर्षं बाहेर येणार नाही. कळतंय ना?”

मी म्हटलं, “रस्ते खात्यात मी कधी चुकीची नोंद केली होती का?”

मार्नी दाराशी उभी होती. चालायच्या चौकटीवर भार देऊन, एकटी उठून आलेली. तिनं सगळं ऐकलं. उजवं पाऊल फरशीवर टेकवलं, त्यावर थोडं वजन दिलं, आणि तसंच धरून ठेवलं.

तेव्हा शुक्रवारी मी येते आहे. चर्चचा काळा कोट घालून पुढच्या बाकावर बसेन. माझ्याकडे तापातल्यासारखं बघायचं असेल तर बघ. गाडीत काय घालायचं ते आता विचारू नकोस. ती जिथे आहे तिथे तिला काही लागत नाही. तुला लोकरीचे मोजे लागतील, ते सोबत पाठवते आहे. टाचा मी दुहेरी विणल्या आहेत.

खाली पूर्ण नाव लिहिते. शुक्रवारी न्यायाधीशांसमोर तेच लिहायचं आहे, हाताला वळण हवं.

ब्रेक चोख होते, केंट.

तुझी आई,
लिओकाडिया मॅग्डालेना वांग्लर