बाराव्या प्रकरणातली आई

नागपूर
१४ नोव्हेंबर १९७८

श्री. चंद्रभान यांस शामलाबाईचा नमस्कार, आणि वयानं लहान आहात म्हणून आशीर्वादही.

पटकथा पोचली. दोनदा वाचली. आमच्या यजमानांच्या कादंबरीतली माणसं तुम्ही इतक्या मायेनं उचलली आहेत, की मागच्या पत्राची मला लाज वाटली. 'एक ओळही बदलायची नाही' असं मी लिहिलं होतं. तुम्ही रागावला नाहीत. यांना जाऊन पुढच्या महिन्यात सहा वर्षं होतील. पुस्तक तेवढं उरलं, म्हणून तसं लिहिलं गेलं.

चारुलताबाईंच्या हाताचा चटका बरा झाला का? तुमच्या सिनेमातली आई व्हायचं म्हणून दोन दिवस इथं राहून भाकरी थापायला शिकल्या. शेजारची गोपिका म्हणाली, "सिनेमातली बाई अन् आपल्या पाट्यावर मसाला वाटून राहिली वं. माही सून बी नाही वाटत मसाला."

आता मुद्द्याचं. बाराव्या प्रकरणात तापानं फणफणलेली पोर बापाच्या मांडीवर जीव सोडते. आठ पानं बापाच्या मनातच चालतात, आई येत नाही, आणि वाचताना ते खटकतही नाही. पण घर एका खोलीचं. कॅमेरा लावला की आई कुठंतरी दिसणारच. तालमीत चारुलताबाईंनी विचारलं, "या वेळी मी कुठे आहे?" म्हणून आईला पोरीजवळ बसवून बापाला उशिरा आणू का, असं तुम्ही विचारता.

हाच प्रश्न मी एकदा विचारला होता. मी शाळेत गेले नाही. वाचायला शिकले ती यांच्याच कागदांवर. अक्षरं लावत त्या प्रकरणाशी आले तेव्हा म्हटलं, "मी कोठं आहो जी यात?"

"तू अंदर होती."

"आपल्या एका खोलीले अंदर कोठून आलं?"

यांनी कागद घडी करून ठेवले. मी पुन्हा विषय काढला नाही.

तुम्ही काही बदलत नाही आहात, चंद्रभानजी. ती पोर आमचीच होती, देवकी. सात वर्षांची. त्या दिवशी हे कन्हानला मधुकररावांना, म्हणजे यांच्या मित्राला, नवी गोष्ट वाचून दाखवायला गेले. सकाळी ताप उतरला होता, म्हणून मीच म्हटलं, जा. दुपारी चढला. तिला एकटं टाकून वैद्याकडे जाता येईना. ती बाबा विचारत राहिली, मी म्हणत राहिले, "येऊन राहिले, बाई. कन्हानची मोटार आली." ती गेल्यावर, दिवेलागणीला हे आले.

मग चार वर्षं लिहून हे पुस्तकात तिच्याजवळ बसले. तिथून मी यांना कसं उठवणार होते?

तर बदला. 'मोटार आली' हे वाक्य चारुलताबाईंना द्या, पण रडत नको. मी रडले नव्हते. पोरीला कळलं असतं. आणि बाप वाईट दाखवू नका, उशीर झालेला दाखवा. यांच्या हातात तिच्यासाठी घेतलेल्या लाखेच्या बांगड्या होत्या.

पंचवीस वर्षांत मला त्या खोलीत कोणी पाहिलं नव्हतं. तुम्ही पाहिलंत. हे उपकार कसे मानायचे ते मला लिहिता येत नाही.

संमतीचा कागद सही करून जोडला आहे. त्यावर 'लेखकाची पत्नी' छापलंय, ते राहू द्या. इथं मात्र,

देवकीची आई
शामला