वीतभर अंतरावरचा चिमटा

१. माझा धाकटा भाऊ, वय बावीस, बॉम्बफेकी विमानावर नेव्हिगेटर होता. विमान कुठे आहे आणि कोणत्या दिशेला न्यायचे, हे वैमानिकाला सांगणे त्याचे काम.

२. त्याच्या टेबलावरचे होकायंत्र मी तपासले होते. तपासणीच्या तक्त्यावर सही माझी आहे.

३. दोन मार्चला परतताना, ढगांत, विमान ठरलेल्या वाटेपासून एकतीस मैल बाजूला डोंगरावर आदळले. सातांपैकी वायरलेसवाला तेवढा वाचला.

४. चौकशीत दोष वैमानिकाचा ठरला.

५. निघण्याआधी मी भावाला एक पोलादी चिमटा दिला होता. हे मी चौकशीत सांगितले नाही.

वरील मजकूर लिहिणारी मी, वय सव्वीस, विमानतळाच्या उपकरणशाळेतील कारागीर, कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र करते. झोप कमी आहे, बुद्धी शाबूत आहे. तेरा तारखेला एका दुरुस्त विमानाच्या चाचणीसाठी मला वर जायचे आहे. वर जाणाऱ्याने मृत्युपत्र दिल्याशिवाय कार्यालय नाव चढवत नाही.

घर. दोन खोल्यांतला माझा वाटा आईचा. मागची खिडकी नीट बसत नाही. बिजागरीचा वरचा स्क्रू बदलावा, खालच्याला हात लावू नये.

हत्यारे. स्क्रूड्रायव्हरचा संच फोरमनना. आजवर ते न विचारता नेत आले, आता विचारण्याचा प्रश्नच उरणार नाही. वाटेकऱ्याला साक्षीदार होता येत नाही, हे त्यांना पटवताना माझा अर्धा तास गेला. शेवटी म्हणाले, "पोरी, लग्नाच्या वयात मृत्युपत्र कसलं करतेस?" मी म्हटले, "अर्जात हाच रकाना आहे."

भावाचे बूट. मामांनी बुटांचा विषय काढला तेव्हा तार येऊन अकरा दिवस झाले होते. बूट त्यांना मिळणार नाहीत. त्यांच्या पायाला ते दीड बोट आखूड आहेत, मी मोजले आहे. ज्याला बसतील त्याला द्यावेत.

भावाची कंपासपेटी आईकडेच राहावी. सहाव्या वर्षी तो दूध आणायला गेला आणि परतताना भलत्याच गल्लीत शिरला. तिथल्या बाईंनी त्याला दारात आणून उभे केले, "हे घ्या तुमचं पार्सल!" तेव्हापासून घरात तो पार्सल. पुढे नेव्हिगेटर झाला तेव्हा आई म्हणाली, "घर न सापडणारा दुसऱ्यांना वाट दाखवणार!" तो सर्वांत मोठ्याने हसला. निघायच्या आठवड्यात वैमानिक घरी आला होता. उठताना आईला म्हणाला, "काकू, काळजी नको. तुमचं पार्सल मी स्वतः आणून पोचवतो."

आईचे वैर. वैमानिकाची बायको आमच्याच रस्त्यावर, शिंप्याच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर राहते. जूनमध्ये साखरेच्या रांगेत आई तिला सर्वांसमोर म्हणाली, "शब्द दिला होता तुझ्या नवऱ्यानं. पोचवलं का?" ती साखर न घेता निघून गेली. मी आईच्या मागेच उभी होते. रांग सरकली तशी मीही पुढे सरकले.

चिमटा. बाबा घड्याळे दुरुस्त करत. त्यांचे दोन चिमटे होते, दोन्ही बारीक स्क्रू आपोआप उचलत, इतके चुंबकत्व त्यांत भरले होते. एक भावाने मागून घेतला. "बाबांचं काहीतरी जवळ असू दे गं, ताई." मी बजावले, "पँटच्या खिशात ठेव. टेबलावर काढायचा नाही." तो म्हणाला, "तुझ्या होकायंत्रालाच सांग ना, माझ्या चिमट्याकडे बघू नकोस म्हणून!" मी हसले. चिमटा परत घेतला नाही.

दुसरा चिमटा मी तशाच होकायंत्रापासून वीतभर अंतरावर ठेवून पाहिला. सुई सहा अंश ढळली. पाच वेळा पाहिले, पाचही वेळा सहा. ताशी दोनशे मैल, दीड तास, सहा अंश: एकतीस मैल. हा योगायोग असू शकतो.

म्हणून माझ्या कपाटात एक बंद पाकीट आहे. पहिला चिमटा टेबलावर होता असे कळले, तर आईने ते स्वतः वैमानिकाच्या बायकोकडे न्यावे आणि तिच्यादेखत उघडावे. आत चौकशी कार्यालयाला लिहिलेला माझा जबाब आहे. चिमटा खिशात होता असे कळले, तर पाकीट जाळावे. साखरेच्या रांगेतले शब्द आईने तरीही परत घ्यावेत. हे आईला सांगायला मला तोंडाने जमले नाही.

साक्षीदार: १. स्टोअरकीपर. २. दवाखान्यातील परिचारिका. दोघांनी मजकूर न वाचता माझ्यासमोर सही केली.
सही: उपकरण कारागीर
स्थळ: उपकरणशाळा. दिनांक: ४ ऑक्टोबर.

प्रत वायरलेसवाल्यास, रुग्णालयाच्या पत्त्यावर:

तुम्ही भावाच्या शेजारी बसत होता. मी भेटायला आले तेव्हा म्हणालात, "ताई, पार्सल सारखा होकायंत्रावर टिचक्या मारत होता," आणि लगेच चहाचे विचारलेत. चिमट्याबद्दल तुम्हाला कोणी विचारले नाही, कारण तो होता हे कोणाला माहीत नव्हते. आता मी विचारते. चिमटा टेबलावर होता, की खिशात? एक शब्द पुरे. माझी कीव येऊन खिसा लिहू नका. पाहिला नसेल तर तसे लिहा. उत्तर बारा तारखेपर्यंत माझ्या हातात पडावे, ही विनंती.