शेवयांचं सूप

चि. पुई-क्वान,

तुझ्या लग्नात शार्कच्या परांचं सूप नको, म्हणून तू मला शपथ घातलीस. शेवयांचं नकली सूप ठेवीन, असं मी कबूलही केलं. पण तुझे सासरे म्हणाले, "पर विकणाऱ्याच्या मुलीचं लग्न, आणि वाडग्यात शेवया?" हाँगकाँगात माणसाची अब्रू वाडग्यातच बघतात. दुकानातले उत्तम पर मीच गुपचूप हॉटेलात पोचवले. तू दोन वाडगे प्यायलीस आणि म्हणालीस, "बघा बाबा, कुणाला फरक कळला तरी का?"

कळणार कसा? पराला चवच नसते, चव असते सूपातल्या कोंबडीच्या रश्श्याची. चाळीस वर्षं मी बिनचवीची वस्तू विकतोय. हल्ली तर तळहाताएवढेच पर येतात, पिल्लांचे.

माझे हात कापतात. डॉक्टर म्हणाले, रक्तात पारा आहे, शार्कसारख्या माशांतून येतो. पोटातल्या बाळाला तर फार वाईट.

काल तू गोड बातमी दिलीस. आज तुझे सासरे दुकानात आले. "सूनबाईला ताकद यायला हवी. शेवयांचं म्हणून रोज पाजू, लग्नात तुम्ही पाजलंत तसं."

मी याच कापऱ्या हातांनी परांचा पुडा बांधून दिला. हे पत्र पेटीत टाकणं मात्र या हातांना जमायचं नाही.

तुझे,
बाबा